धाकट्या जावयाची गाडी

लग्न ठरलं की आपल्याकडे हळूच विषय निघतो, "गाडीचं काय?" मुलीचा बापही छाती फुगवून सांगतो, "गाडी तर देणारच!" मग मांडवाच्या दारात हार घातलेली नवी मोटरसायकल उभी राहते, पाहुणे तिच्याभोवती फिरून बघतात आणि बापाची मान ताठ होते. नवरदेवाला ती चालवता येईल का, एवढं मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही तरी कधी विचारलंय का?

हिमायतनगरजवळच्या किशनरावांनीही विचारलं नव्हतं. थोरली लेक सिंधु, तिच्या लग्नात त्यांनी नांदेडहून सगळ्यांत मोठी, वजनदार गाडी आणून जावयाला दिली. जावई हणमंत बुटका, अंगानं किरकोळ. सायकलीपलीकडे त्याने काही चालवलेलं नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरली होती. वळताना तो थांबला, गाडी एका अंगाला कलली, त्याला ती सावरली नाही, आणि मागून ट्रक येत होता.

सिंधु माहेरी परत आली. "नशिबापुढं कुणाचं चालतंय?" किशनराव म्हणाले. गावानेही मान डोलावली.

आता धाकट्या पुनमचं लग्न लातूरच्या आलोकशी ठरलं होतं. आलोक तिथल्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा. त्याच्या घरच्यांनी काहीही मागितलं नव्हतं. तरी किशनरावांनी गाडी द्यायची ठरवली, आणि तीसुद्धा तीच!

केवळाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "अवो, पुन्हा तीच? मन कसं व्हतंय तुमचं?"

"मग काय करू? मोठ्या जावयाला भारीतली दिली अन् धाकट्याला हलकी देऊ? लोक म्हणतील, किशनरावचा हात आखडला. जावयाजावयात दुजाभाव चालत न्हाई."

वाचकहो, हा न्याय बघा! जो गेला त्याच्याशी बरोबरी साधायची, म्हणून जो जिवंत आहे त्यालाही तीच गाडी! याला हसावं की रडावं?

ठरल्या दिवशी आलोक गाडी बघायला लातूरहून एसटीने नांदेडला आला. सिंधुही वडिलांबरोबर आली होती. कशाला येते, हे तिने सांगितलं नाही आणि किशनरावांनी विचारलं नाही.

शोरूमच्या मध्यभागी ती मोठी काळी गाडी उभी होती. "बसा, जावईबापू!" किशनराव म्हणाले. आलोक कसाबसा चढून बसला.

"साहेबांना काय शोभतेय!" विक्रेता म्हणाला.

"छान आहे, मामा," आलोक पुटपुटला.

भिंतीशी उभी असलेली सिंधु पुढे आली. "आलोकराव, खरं सांगा. गाडी चालवता येती तुम्हाला?"

आलोकने मान खाली घातली. "नाही, अक्का. पण मामा एवढ्या हौसेनं देऊन राहिले, नको कसं म्हणू?"

सिंधु वडिलांकडे वळली. "हेच! ते बी हेच म्हणले होते."

"कोण?" किशनरावांनी विचारलं. खरं तर त्यांना कळलं होतं.

"तुमचे मोठे जावई, दादा. लई भ्यायचे ते त्या गाडीला. मी म्हणलं, दादाला सांगते, बदलून देतील. तर म्हणले, 'नको, सासऱ्यानं मानानं दिली, त्यांना वाईट वाटंल.' तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मेले ते, दादा!"

शोरूममधली माणसं वळून बघू लागली. सिंधु थांबली नाही. आजवर तिने आपलं दुःख गिळलं होतं, पण आता बहिणीचा संसार पणाला लागला होता.

"पळती गाडी कुणी बी सांभाळतं. ती थांबली की माणसाच्या पायावर येती. त्यांचे पाय नीट टेकतच नव्हते. तुम्ही नशिबाला बोल लावून मोकळे झाले. आता खाली वाकून बघा, यांचे तरी टेकतात का!"

किशनराव वाकले. लग्नात जावयाचे पाय धुताना वाकले होते, तसेच. आलोक चवड्यांवर तोल सांभाळत होता, टाचा अधांतरी होत्या. त्यांनी टाचेखाली हात घातला. हात सरळ आत गेला.

ते तिथेच फरशीवर बसले. "हणमंता, लेकरा, मी बघितलंच न्हाई रे!" एवढा करारी माणूस, सगळ्यांसमोर हमसून हमसून रडला.

आलोक खाली उतरला आणि त्याने त्यांना हाताला धरून उठवलं. "मामा, मला लग्नात गाडी नको. आधी मित्राच्या जुन्या गाडीवर मैदानात शिकतो, लायसन काढतो. मग माझ्या पगारातून एखादी हलकी घेईन, दोन्ही पाय पुरे टेकतील अशी. निवडायला मात्र तुम्ही या."

लग्नात मांडवाच्या दारात गाडी नव्हती. शिवमूर्ती नावाच्या पाहुण्याने पंगतीत खडा टाकलाच. "काय किशनराव, गाडी कुठं दिसंना? मोठ्याला तर जोरात दिली होती!"

"दिली होती," किशनराव म्हणाले. "त्याच्याकडं बघून न्हाई, माझ्या मानाकडं बघून दिली होती. ते माझी लेक भोगून राहिली."

सिंधु वरण वाढत होती. तिने बादली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावून ती मांडवामागे निघून गेली.

बंधूंनो, भगिनींनो, पहिली गाडी ही चालवणाऱ्याच्या अंगाला आणि हाताला बसणारी हवी, गावाच्या डोळ्यांत भरणारी नव्हे. आधी शिकू द्या, बसून बघू द्या, आणि "मला भीती वाटते" असं म्हणायची लाज त्याला वाटणार नाही, असं घर ठेवा. किशनरावांना हे शहाणपण उशिरा आलं. तुमच्या घरचं लग्न अजून व्हायचं आहे.