दारात अडकलेला उंट

मान बाहेर आली आणि मदार अडकली. चर्चच्या हॉलच्या दारातून उंटाचं डोकं अंगणात जमलेल्या पालकांकडे बघत होतं, आणि बाकीचा उंट आत आमच्याजवळ होता. त्याच्या पोटात, पायांच्या जागी, सहा मुलं होती. उंटाला बारा पाय शोभत नाहीत हे मान्य, पण कमी घेतली असती तर रडारड झाली असती.

"ढकला!" दाजी म्हणाले.

पोरांनी ढकललं. वर चौकटीशी कर्रकन आवाज झाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौतीस वर्षं डेपोत बसच्या बॉड्या ठोकल्या. मुलांचं हे सुट्टीतलं शिबिर मात्र ताईचं. एकोणीस उन्हाळे तिनं चालवलं: सकाळी प्रार्थना, मग गाणी, कातरकाम, अकराला सरबत-बिस्किटं, आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर मिरवणूक. सरबत माझ्याकडे आणि मिरवणुकीचं लाकडी जनावर दाजींकडे. ठोकाठोकी सुरू होण्याआधी ताई लांब कापडी टेप घेऊन दारात उभी राहायची, मोठ्यानं आकडा सांगायची आणि दाजी कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, "बरं, बाई."

ताईला जाऊन अकरा महिने झाले. चर्चच्या मंडळीच्या सभेत विषय निघाला, की शिबिर आता बंद करावं, उन्हाळ्यात हॉल शिवणवर्गाला द्यावा. जन्मात कधी सभेत न बोललेले दाजी उठले. "एक वर्ष मला द्या," म्हणाले. पाळकसाहेब म्हणाले, "ठीक आहे. नीट झालं तर पुढचं बघू."

आणि दाजी शिंगं मोडून वासरांत शिरले. एकतीस मुलांना त्यांनी शिकवलेली गाणी बेसूर होती, पण उंट बघत राहावा असा! गोणपाटाचं कातडं, दोरखंडाची शेपटी आणि माझ्या जुन्या ब्रशच्या भुवया.

खरं सांगते, माझ्या लक्षात बुधवारीच आलं होतं. मदार बसवली तेव्हाच मी दाराकडे पाहिलं. आता बोलणार, तेवढ्यात दाजी शीळ घालायला लागले. ताई गेल्यापासून ती शीळ मी ऐकली नव्हती. मी तोंड मिटलं आणि सरबत ढवळत बसले.

उंट मागे घेऊन तिरका करून पाहिला, तर मान अडली. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अहो, उंटावरचा शहाणा बोलवा, तो चौकट फोडायला सांगेल!" हशा पिकला. दाजींचे कान लाल झाले. हॉलमध्ये आमच्या मागे पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात हाताची घडी घालून उभे होते.

"धाकटे, करवत आण," दाजी म्हणाले.

मी आणली. माझ्या एका गप्प बसण्यानं ताईचं शिबिर बुडणार होतं. दाजींनी करवत मदारीवर टेकवली.

"आजोबा!" पोटातून टिकलीचा आवाज आला. टिकली शिबिरातली सगळ्यात लहान. "बघून कापा हं! मी अजून आत आहे!"

दाजींचा हात थांबला. मग ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. करवत खाली ठेवली आणि म्हणाले, "राहू दे. उंट इथंच उभा राहील. बाकीच्यांनी त्याच्या पोटाखालून बाहेर जायचं."

हॉलला दार एकच. पोरं एकामागून एक रांगत निघाली. प्रत्येक डोकं बाहेर आलं की अंगणात टाळ्या. पंचवीस पोरं झाली, आता संपलं असं वाटलं, तेवढ्यात पाळकसाहेबांनी झगा गुडघ्यांवर घेतला आणि तेही रांगत निघाले. टाळ्या एकदम थांबल्या. त्यांनी गुडघे झटकले, मागे वळून उंटाकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "आधी दार मोजा."

पुढच्या वर्षी! मी सरबताचा तांब्या छातीशी धरून तिथंच रडले.

सगळे गेल्यावर आम्ही दोघांनी उंट आत ओढला, खुर्च्या रचल्या.

"तुला कधी कळलं होतं?" दाजींनी विचारलं.

"बुधवारी."

"मग बोलायचं ना!"

"तुम्ही शीळ घालत होता."

त्यांनी खिशात हात घातला आणि टेप बाहेर काढला. ताईचा, पिवळा, टोकाशी विरलेला.

"आठवडाभर खिशातच होता," ते म्हणाले. "काढवला नाही."

उंबऱ्याशी त्यांनी एक टोक बुटाखाली दाबलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. वर चौकटीपर्यंत ताईचा हात सहज पोचायचा, मला टाचा उंचवाव्या लागल्या. मी मोठ्यानं आकडा वाचला.

दाजींनी कपाळाला आठ्या घातल्या.

"बरं, बाई," ते म्हणाले.