काझुओमिचा गोळा

दारूकामाच्या कोठीत शिरणाऱ्या प्रत्येकाचे खिसे मी तपासते. लायटर, मोबाइल, नायलॉनचा शर्ट, खिळे मारलेले बूट, सगळं बाहेर ठेवायचं. दाराशी तांब्याची पट्टी ठोकली आहे, तिला हात लावून अंगातली वीज उतरवायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. एकदा आमच्या देवळाच्या पुजाऱ्याला मी अंगरखा बदलायला लावला, तेव्हापासून आमच्या हिनोकुची गावातली माणसं मला पाठीमागे फौजदारीण म्हणतात. म्हणेनात का. पुजारी अजून धडधाकट आहे आणि त्याचं देऊळही जागेवर आहे.

आतषबाजीचे गोळे बनवतो माझा थोरला भाऊ, गेनझोदादा. कोठी, परवाने, मैदान, दोऱ्या आणि वारा हे माझ्याकडे. दादाच्या हातावर आणि माझ्या जिभेवर आमचा धंदा चालतो, असं वडील म्हणायचे. दादाचं मन फार मऊ आहे. बाहेरच्यांना वाटतं हा केवढा चांगला गुण. दारूच्या शेजारी काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत मला तो तितकासा चांगला वाटत नाही.

सप्टेंबरात, भात पिवळं पडायला लागलं की आमच्या देवाचा उत्सव येतो. दोन रात्री आतषबाजी असते आणि तिच्यातला प्रत्येक मोठा गोळा कुणाचा तरी असतो. नातू झाला, लग्न ठरलं, साठी गाठली, कुणी गेलं, की घरचे लोक आमच्याकडून गोळा करून घेतात आणि देवाला वाहतात. सोबत दोन ओळी लिहून देतात. पोस्टमास्तर त्या भोंग्यावरून वाचून दाखवतात, सगळं गाव मान वर करतं, आणि मग गोळा सुटतो. कुणी काय लिहिलं होतं, यावर पुढे महिनोन्‌महिने चहा रिचवला जातो.

या वर्षी पुलाजवळच्या तोफूवाल्या तोशिएताईंनी गोळा सांगितला होता. त्यांचा काझुओमि ट्रक चालवायचा. ऐन फेब्रुवारीत सेंदाई शहरातल्या इस्पितळात तो गेला. बर्फाने घाटातला रस्ता बंद होता. रस्ता उघडून ताई पोहोचल्या तेव्हा त्याला शवपेटीत ठेवून झालं होतं. नवरा आधीच गेलेला, दुसरं मूल नाही. तरी पहाटे उठून सोयाबीन दळणं आणि तोफू कापून पाण्यात सोडणं त्यांनी एक दिवस चुकवलं नाही. गोळा सांगायला आल्या तेव्हा दादाला एवढंच म्हणाल्या, की पांढरा हवा, मोठा हवा आणि सावकाश विझणारा हवा. दादा त्या गोळ्यापुढे उन्हाळाभर बसला. एकेक कागद लावायचा, उन्हात वाळवायचा, पुन्हा लावायचा. मुलाचं तोंड धुवावं तसं ते काम चाललं होतं.

पहिल्या रात्री पोस्टमास्तरांनी त्यांच्या ओळी वाचल्या. "काझुओमि, जन्मभर घाईत होतास. आता घाई नाही. आई." एवढंच.  मी गोळे उडवायच्या नळ्यांच्या मागे, माझ्या जागेवर उभी होते.

नळीने धाड केलं, गोळा सुटला. वातीची नेहमीची बारीक ठिणगी वर जाताना दिसली नाही. वर जाऊन तो फुलायला हवा होता. फुलला नाही. अंधार तसाच राहिला. लोक माना वर करून वाट बघत होते आणि मी मान खाली घालून कान देत होते. पलीकडे भातात कुठेतरी धप्प आवाज झाला.

न फुटता खाली आलेल्या गोळ्याला आमच्याकडे काळा गोळा म्हणतात. त्याचा नियम सोपा आहे. तो सापडेपर्यंत त्या भागात कुणी जायचं नाही, शेताचा मालकसुद्धा नाही. सापडला की हात न लावता पाणी ओतायचं, भिजला की पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि नंतर नष्ट करायचा. पुन्हा उडवायचा नाही. एकदा नळीतून धक्का खाऊन गेलेल्या गोळ्याच्या पोटात काय हललंय, काय सुटलंय, हे देवालाही सांगता येणार नाही.

पोस्टमास्तर बिचारे थोडा वेळ अडखळले, मग त्यांनी पुढचं लग्न वाचलं आणि लाल-हिरवा गोळा झकास फुटला. लोकांनी जरा जास्तच टाळ्या वाजवल्या. तोशिएताईंनी आपली चटई गुंडाळली, शेजारणीला वाकून नमस्कार केला आणि निघून गेल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, की पोराचा जीव आईपाशी अडकलाय, त्याला जायचंच नाही. हे त्यांच्या कानावर गेलं, कारण ताई एक क्षण थांबल्या आणि मग पुन्हा चालू लागल्या. बोलणाऱ्याला तिथेच धरून नळीत घालावं असं मला वाटलं.

आतषबाजी संपल्यावर आम्ही बॅटऱ्या घेऊन शोधलं. उभ्या भातात काही दिसेना. मी बांधाबांधाने दोरी लावली, दोन माणसं राखणीला बसवली आणि उजाडल्यावर पुन्हा शोधायचं ठरवलं. दादा माझ्या मागे मागे फिरत होता. तो कशासाठी फिरतोय ते मला कळत होतं.

"तोमो," तो म्हणाला, "मिळाला तर वात बदलतो मी. आत सगळं ठीक असणार. उद्या रात्री शेवटी उडवू. कुणाला कळायचंही नाही."

"दादा, नाही."

"अगं, त्या बाईचं तोंड बघितलंस का?"

"बघितलं. पलीकडच्या खोऱ्यातल्या दारूकामवाल्या इवाओने असाच एक उघडला होता, तोही कुणाचं तरी तोंड बघूनच. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोने आपल्याकडूनच त्याच्या नावाचा गोळा नेला. विसरलास?"

 दुसरा पांढरा गोळा ताईंच्या नावाने उडवू, असंही त्याने सुचवलं, आणि मग स्वतःच मान हलवली. लोकांकडून उरलासुरला गोळा घ्यायला तोशिएताई काही भिकारीण नव्हत्या. शिवाय काझुओमिचा गोळा कुठला, हे साऱ्या गावाने पाहिलं होतं.

उजाडता उजाडता तो सापडला. एका कोपऱ्यात भात आडवं झालं होतं आणि चिखलात तो अर्धा रुतून पडला होता, वातीची बाजू वर. मी सगळ्यांना मागे थांबवलं, हेल्मेट नीट बसवलं आणि दादाला घेऊन पुढे गेले. दादाने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला.

वातीच्या तोंडावर कागद चिकटवलेला होता. चांगली दाट खळ लावून, कडा अंगठ्याने दाबून बसवलेला. नळीतल्या दारूची ज्वाळा वातीला लागलीच नव्हती. कागद आमचा नव्हता. तोफूचं भांडं बांधून देतात ना, तो पातळ, दुधी रंगाचा कागद होता.

मग दादाने हळूहळू सांगितलं. मी परवान्यासाठी शहरात गेले होते त्या दिवशी तोशिएताई आल्या होत्या. माझाही एक हात लागू द्या, म्हणाल्या. दादाने त्यांना वाळवणाच्या अंगणात घेतलं आणि शेवटचा कागद वरच्या बाजूला लावू दिला. त्यांच्यासाठी चहा आणायला म्हणून तो आत गेला. तेवढ्यात त्यांनी खालच्या, वातीच्या बाजूलाही एक लावला असणार. दादाने नंतर गोळा उलटा करून पाहिला नाही. आईने लावलेला कागद, त्याला काय तपासायचं, असं त्याला वाटलं.

मी दादाला काय काय बोलले ते लिहीत नाही. बाहेरच्या माणसाला अंगणात घेतलं, गोळ्यापाशी एकटं सोडलं, नळीत भरण्याआधी वात पाहिली नाही, तीनही गोष्टी अशा, की वडील असते तर त्यांनी त्याच्या हातून खळीचं भांडं कायमचं काढून घेतलं असतं. तो नळीतच फुटला असता तर नळ्यांपाशी उभी असलेली आमची माणसं गेली असती. दादा मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी चिखलात पडत होतं. साठी उलटलेल्या माणसाला असं बघवत नाही. मला त्याचा राग येत होता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावासाही वाटत होता.

मान वर केली तर दोरीपलीकडे तोशिएताई उभ्या. रबरी बूट, डोक्याला फडकं. सकाळचा तोफू काढून त्या सरळ इकडे आल्या होत्या. आमचं बोलणं तिथवर पोहोचलं नसावं. राखणीच्या माणसाने त्यांना आत सोडलं नव्हतं, शाबास त्याची. मी दोरीपाशी गेले.

"तोमोए, सापडला का गं?" त्यांनी विचारलं.

"सापडला, ताई."

"मग आज रात्री उडवाल ना? फुटला नाही म्हणजे अजून आहेच की तो सगळा आत."

मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि त्या खाली वाकल्या, कमरेत पार वाकल्या, आणि तशाच राहिल्या. माझ्याहून कितीतरी मोठी बाई. "एकदाच," त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या. "लोक म्हणतात तो गेला नाही. तो तिथे अडकून राहिला तर मी काय करू? मी आता किती दिवसांची आहे? त्याला वर जाऊ दे गं."

मला त्यांच्या खांद्यांना धरून उठवावं लागलं. मी म्हटलं, ताई, उडवायला उभं राहणाऱ्या पोरांनाही आया आहेत.  त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. पुढे काही मागितलं नाही. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं, भांडायची मला सवय आहे.

मी परत गेले आणि लांब दांड्याच्या डावाने गोळ्यावर पाणी सोडायला लागले. सगळीकडून चिंब होईपर्यंत सोडलं, मग थांबले, मग पुन्हा सोडलं. कागद भिजून फुगले. गोळा फोडणाऱ्या आतल्या दारूपर्यंत पाणी मुरलं अशी खात्री झाल्यावर दादाने तो फावड्याने अलगद उचलून पाण्याच्या टबात ठेवला आणि टब बांधावर आणला. ताई दोरीपाशी होत्या तिथेच उभ्या होत्या. टब चार हातांवर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तो पांढरा कागद माझा आहे."

दादाने टब खाली ठेवला. 

"एक वर लावला आणि एक खाली. गेनझो चहा आणायला गेला होता. खालून तो उघडाच दिसत होता. म्हटलं, एवढ्या उंच जायचंय, वर गार असेल." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाकडे नाही, माझ्याकडे. साऱ्या गावाला ठाऊक आहे की दारूच्या बाबतीत फौजदारीण कुणाची भीड ठेवत नाही. "तोमोए, खरं सांग. माझ्या हाताने झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "वात दमट होती. चूक आमची."

दादा झटकन गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ चिखलाला टेकवलं. ती माफी सगळी खरी होती, म्हणून माझं खोटं तरून गेलं. ताईंनी त्याला उठ म्हटलं, कपडे खराब होतील म्हटलं. त्यांचे खांदे जरा खाली आले. बराच वेळ त्या टबाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, अजून पाणी घालायचं आहे का. मी म्हटलं, काठोकाठ भरायचं आहे.

"मी घालू?"

बाहेरच्या माणसाने गोळ्यापाशी यायचं नाही. मी माझं हेल्मेट काढून त्यांच्या डोक्यावर घातलं, पट्टा हनुवटीखाली लावला, आणि लांब दांड्याचा डाव त्यांच्या हातात दिला. टब आणि त्या यांच्या मध्ये मी अर्धी आडवी उभी राहिले. मरणाऱ्याचे ओठ घरच्यांनी ओले करायचे, हे आमच्याकडे शेवटचं देणं असतं. सेंदाईला ते कुणी केलं, की केलंच नाही, हे ताईंना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी डाव भरला. मी दांडा मागून धरला. त्यांनी पाणी एकदम ओतलं नाही, थेंबाथेंबाने सोडलं, त्या दुधी कागदावर.

"घे रे बाळा," त्या म्हणाल्या. "पाणी घे."