दिल्लीला जाणारं खोकं

पॅकिंग म्हणजे जुना पेपर गुंडाळला, सुतळी आवळली आणि वरून 'नाजूक' लिहिलं की झालं, असं ज्यांना वाटतं ती सगळी माणसं नेमकी माझ्याच दुकानात येतात. अमरावतीच्या राजापेठेत बावीस वर्षं फ्रेमचं दुकान चालवतोय. काचेच्या फ्रेमवर कांद्याचं पोतं ठेवून नेणारे पाहिलेत. म्हणून रागिणीच्या चित्राचं काम घेतलं तेव्हाच तिला बजावलं, की मी सांगेन तसंच होईल आणि घरातल्या कुणी मध्ये हात घालायचा नाही. तिनं मान डोलावली. मान डोलावणाऱ्या लोकांवर मी विश्वास का ठेवतो, देव जाणे.

रागिणी नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत चित्रकला शिकवते. पंधरा वर्षं चित्रं काढतेय आणि पहिल्यांदाच तिचं एक चित्र दिल्लीच्या प्रदर्शनात निवडलं गेलं होतं. पाच फूट बाय चार फूट, तैलरंगातलं. पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलणारी तिची मोठी बहीण, संध्या. संध्या अकरा वर्षांपूर्वी डेंग्यूनं गेली, लग्नाला सोळा दिवस उरले असताना.

दिल्लीवाल्यांच्या अटी कडक होत्या. चित्राचा विमा पाहिजे, विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर पॅकिंग झालं पाहिजे आणि खोक्यावर त्याचं सील पाहिजे. सील तुटलेलं असलं तर ते खोकं उतरवूनसुद्धा घेणार नव्हते. गाडी बडनेऱ्याच्या गोडाउनमधून संध्याकाळी सहाला सुटणार होती. पुढची गाडी पोचेपर्यंत प्रदर्शन संपलं असतं.

अमरावतीत सर्व्हेअर मिळेना, म्हणून अकोल्याहून अश्विन नावाचा एकजण यायचा होता. तो दहाला येतो म्हणाला आणि साडेअकराला उगवला. तोवर रागिणीच्या घरी अख्खी गल्ली जमली होती. तिचे काका खुशालराव मला सांगत होते, की एवढा फोम कशाला, दोन किलो कापूस कोंबला की काम झालं. कापसातली सरकी अजून पुरत्या न सुकलेल्या रंगात रुतेल असं मी समजावलं, तर म्हणाले, सरकी काढलेला आणतो. मी फोम कापायला घेतला. डोकं मात्र तापायला लागलं होतं.

चित्राला बटर पेपर लावला, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन, वरून फोम. प्लायवूडच्या खोक्यात नीट बसवलं. अश्विननं प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. मग त्याचा फॉर्म भरायचा होता आणि घरात नेटवर्क नव्हतं, म्हणून आम्ही दोघं अंगणात गेलो. दहा मिनिटं लागली असतील. परत येऊन मी झाकण ठेवलं आणि सोळा स्क्रू पिळले. आत पुन्हा डोकावलो नाही. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. अश्विननं चार सीलं लावली, सही केली आणि अकोल्याचा रस्ता धरला.

दोन वाजता मी आणि रागिणीनं खोकं टेम्पोत चढवायला उचललं, तर आत काहीतरी गडगडलं. खाली ठेवलं. पुन्हा तिरपं केलं, पुन्हा गडगडलं, आणि त्यामागून वाळू सरकावी तसा बारीक आवाज आला. मी विचारलं, कुणी हात लावला? खुशालराव म्हणाले, कापूस तर मी आणलाच नाही. तेवढ्यात रागिणीची आई, कौशल्याकाकू, पदराला हात पुसत दारात आल्या.

"मीच ठेवलं," त्या म्हणाल्या. "नारळ हाये. तांदूळ, हळकुंड, सुपारी. खणात बांधलं होतं, गाठ सुटली असन."

आम्ही अंगणात असताना त्यांनी फोम सारून, मागून बटर पेपरची घडी सोडवून चित्राच्या पाठीमागच्या पोकळीत ओटी ठेवली होती. कॅनव्हासला टेकून. एक नारळ, बाराशे किलोमीटर.

माझा तोल सुटला. मी म्हणालो, "काकू, ते चित्र आहे. पोरगी नाही."

बोललो आणि लगेच जीभ चावली. पण बोललो ते बोललो.

काकू मात्र रागावल्या नाहीत. "मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "पण त्या वक्ती तिची ओटी भराची राहूनच गेली, बापा. आता घरातून चालली, त तशीच रिकामी कशी लावू तिले?"

मला स्वतःचा राग आला, काकूंचा आला, त्या सोळा स्क्रूंचा आला. सील तोडलं तर विमा गेला, आणि नाही तोडलं तर नारळ चित्र फाडणार. मी अश्विनला फोन लावला. तो वाटेत मूर्तिजापुरात चहा पीत होता. आधी त्यानं मला सुनावलं, की बावीस वर्षं काय झोपा काढल्या का. मग मी खरं काय ते सांगितलं, संध्याचं सगळं. पलीकडे चहाचा ग्लास खाली ठेवल्याचा आवाज आला.

"उघडा," तो म्हणाला. "मी मागे फिरतो. पण आत एक दाणा जरी राहिला तर सही करणार नाही."

उघडलं. कॅनव्हासला मागून नारळाच्या शेंडीचे दोन ओरखडे होते, पुढे काही नव्हतं. तांदूळ मात्र सगळीकडे. फोमच्या घड्यांत, कोनांत, खोक्याच्या सांध्यांत. मी चिमटा आणि ब्रश घेऊन तासभर दाणे टिपत होतो आणि तोंडानं पुटपुटत होतो. अश्विन पोचला तेव्हा शेवटचं काम उरलं होतं. कॅनव्हास आणि तो ताणून धरणाऱ्या लाकडी पट्टीच्या फटीत दाणे अडकले होते. तिथं एक जरी राहिला तरी पुढून फोड आल्यासारखा उठून दिसतो. रागिणीनं चित्र उभं धरलं, मी पट्टीवर मागून टिचक्या मारायला लागलो, आणि काकूंनी खाली पदर पसरला. पाच-सहा दाणे पडले. पुन्हा टिचक्या मारल्या, तेव्हा काही पडलं नाही.

नवा कागद, नवा फोम, नवी सीलं. सहाची गाडी मिळणार होती. सही करण्याआधी अश्विननं खोकं हलवून कान लावला आणि काकूंना विचारलं, आणखी काही ठेवलं तर नाही ना?

"नाई," काकू म्हणाल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. "ओटीतले चार दाने लेक माहेराले ठेवून जाते. तिनं ठेवले."