काचपट्टीवरचे काळे ठिपके

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि स्वभावाने जरा संशयी आहे. मित्रांनो, मला नावं ठेवू नका. ज्याला जन्मभर बारीकसारीक खोट शोधायला लावलं, तो वेगळा कसा होणार?

अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगं घासली गेली आणि पेंढ्यात गुंडाळून मला सांगलीच्या एका कर्करोग संशोधन केंद्रात धाडलं. तिथे मला डॉक्टर राजेश्वरी भेटली. कुंडलच्या ऊसवाल्या घरातली, फौजी बापाची लेक. बोलायला फटकळ, कामाला वाघ. बायकांच्या गालाच्या आतून खरवडून घेतलेला थर ती काचपट्टीवर पसरायची, रंगवायची आणि माझ्याखाली धरायची. निरोगी, सरळ पेशी कुठल्या आणि बिघडलेल्या, वाकड्या कुठल्या हे मी दाखवायचो, ती ओळखायची. आमचं छान जमलं होतं.

मग तिचा तो शोधनिबंध आला. दाताला जाळलेल्या तंबाखूची मिश्रीसुद्धा न लावणाऱ्या खेड्यातल्या बायकांना तोंडाचा कर्करोग होतो आणि त्यांच्या बाबतीत कारण तंबाखू नसून दुसरंच काही आहे, असं त्यात होतं. काय गाजला म्हणता! देशोदेशीचे संशोधक तिचा हवाला देऊ लागले. टीव्हीवाले आले, हारतुरे आले. त्या दसऱ्याला माझ्याही गळ्यात झेंडूची माळ पडली.

मला मात्र ते गोड लागलं नाही. त्या बायकांच्या पट्ट्यांवर पेशींच्या आडोशाला बारीक काळे ठिपके होते. मी ते इमानाने समोर धरायचो. राजेश्वरीची विद्यार्थिनी पल्लवी म्हणायची, "रंगाचा गाळ असणार, मॅडम." आणि राजेश्वरी पट्टी पुढे सरकवायची. अहो, रंग सगळ्या पट्ट्यांना एकच, मग गाळ याच बायकांच्या वाट्याला कसा? कुठेतरी पाणी मुरत होतं.

पुढे कॅमेऱ्याचा नवा सूक्ष्मदर्शक आला आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. अंगावर पातळ प्लास्टिकचं टोपण आलं. त्यातून दिसायचं सगळं, पण विचारतो कोण?

गेल्या उन्हाळ्यात वडूजहून धोंडुबाई तपासणीला आली. निबंधासाठी तपासलेल्या बायकांपैकीच ती एक. तिच्या गालात अजून नुसता पांढरा चट्टा होता, त्यावर लक्ष ठेवायला तिला अधूनमधून बोलावत. सोबत नेहमीसारखे थोरले दीर, बाळासो. राजेश्वरीने विचारलं, "मावशी, मिश्री, तंबाखू काही?" धोंडुबाईने पदर पुढे ओढला आणि उत्तर दिलं बाळासोंनी.

"आवं मॅडम, किती येळा सांगायचं? आमच्या घरातल्या बायकांना कसलं येसन न्हाई."

धोंडुबाईने मान डोलावली. आजवर प्रत्येक वेळी हे असंच होत आलं होतं.

बाळासो चहाला गेले. दार लागलं तशी धोंडुबाईने कनवटीची डबी काढली. "बाई, हितं जरा मिश्री लावू का? सकाळधरनं भावजी संगट हाईत, दाताला बोट लावाय मिळालं न्हाई. डोस्कं लय चढलंय."

राजेश्वरी उभीच राहिली. "मावशी, मग इतकी वर्षं नाही का म्हणालात?"

"थोरल्या दिरापुढं कसं सांगू? लाज न्हाई व्हय? समद्या बायका तसंच सांगत्यात."

"अहो, पण त्यानं आजार होतो!"

"टीव्हीवर तुमीच सांगितलं न्हवं, न लावणारीलाबी हुतोय म्हणून? मग म्हटलं, सोडून तरी काय उपेग? उलट वाढवलीच जरा."

धोंडुबाई गेल्यावर राजेश्वरीने माझं टोपण काढलं. तिच्याकडून मागून घेतलेली चिमूटभर मिश्री तिने काचेवर ठेवली आणि जुन्या पट्ट्या एकेक करून पाहिल्या. तेच काळे, जळके कण. या वेळी ती ठिपक्यांवर थांबली.

पल्लवी हळूच म्हणाली, "मॅडम, हे अजून कुणाला माहीत नाही. निबंध मागे घेतला तर तुमचं नाव जाईल. माझी पीएचडीही त्याच्यावरच उभी आहे."

राजेश्वरीने पट्ट्या कपाटात ठेवल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. झालं, मी म्हटलं, आता हे प्रकरण दाबलं जाणार. नावाची चटक मिश्रीहून वाईट. पुढचे काही दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही, फोनवर दबक्या आवाजात बोलायची. माझा संशय पक्का झाला.

मग एका सकाळी तिने पल्लवीला बोलावलं. "निबंध मागे घेतल्याचं कळवलंय. चूक माझी, तुझी नव्हे, असं स्पष्ट लिहिलंय. तुझं काम आपण नव्याने उभं करू."

"लोक हसतील, मॅडम."

"हसू देत. माझ्या भरवशावर बायकांनी मिश्री वाढवली गं!" एवढं बोलून ती माझ्याशेजारी डोकं टेकून रडली. तिच्यावर संशय घेतल्याचं मला फार वाईट वाटलं.

आता तिचा हवाला कुणी देत नाही, टीव्हीवाले येत नाहीत. पण तपासणीच्या खोलीत बाईबरोबर दीर, सासरा, नवरा कुणालाही प्रवेश नाही. "आमी काय चोर हाय व्हय?" म्हणत बाळासो बाहेर बाकावर बसतात. आत बायका मोकळेपणी बोलतात.

धोंडुबाईने मिश्री सोडली. परवा राजेश्वरीने तिची नवी पट्टी मुद्दाम माझ्याखाली धरली. काळा ठिपका एकही नव्हता. पण पेशी वाकड्या झाल्या होत्या. सोमवारी तिचं ऑपरेशन आहे.

मित्रांनो, माझ्या भिंगावर धूळ बसली तर मऊ फडक्याने जरूर पुसा. पण काचपट्टीवर न पटणारा ठिपका दिसला, तर गाळ म्हणून पुढे सरकू नका. तो कुणाच्या तरी तोंडातून आलेला असतो.