मावशीची लेन्स आणि खिडकीतलं अंडं

आमच्या दुकानाच्या काउंटरवर काचेच्या डबीत एक वाळलेला भुंगा आहे. त्याला आम्ही मॅनेजर म्हणतो. जुने कॅमेरे घ्यायला येणारा जो कोणी ‘किड्यांचे फोटो काढायचेत’ म्हणतो, त्याला मी आधी मॅनेजरसमोर उभं करते. त्याच्या पायांवरची लव आणि पाठीवरची निळी झाक नीट आली, तर लेन्स त्या माणसाची. नुसत्या बडबडीवर मी लेन्स देत नाही. तोंडाची तिखट म्हणून घरात मला मिरची म्हणतात, आणि हे नाव ठेवलं ते माझ्या मावशीनेच.

मावशी आली तेव्हा दुपार कलली होती. समोरच्या इमारतीच्या काचांवरून परतलेलं ऊन कपाटातल्या लेन्सांतून झिरपून छतावर पडलं होतं. गोल गोल कवडसे, आणि रस्त्यावरून कुणी गेलं की ते पाण्यासारखे हलायचे. अशा वेळी दुकानात मोठ्याने बोलावंसं वाटत नाही. मावशी कवडशांकडे बघत उभी राहिली. जन्मभर तिने हेच केलं. शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात नाकतोड्यांपुढे, सरड्यांपुढे पोटावर पालथी पडायची. नातेवाईक म्हणायचे, हिचं डोकं फिरलंय. माझा मात्र ती जीव की प्राण आहे.

हल्ली तिचे हात थरथरतात. कप बशीत वाजायला लागला की ती मुद्दाम मोठ्याने बोलते, आणि आम्हीही काही ऐकू न आल्यासारखे चेहरे करतो.

लेन्स बदलायची म्हणाली. मी तिच्यापुढे अगदी जवळून फोटो काढायच्या तीन मॅक्रो लेन्स मांडल्या आणि तिला सगळं ठाऊक असूनही माझं पाठ झालेलं भाषण सुरू केलं. आखूड लेन्स हलकी, पण किड्याच्या नाकाशी जावं लागतं. आपलीच सावली पडते आणि तो पसार होतो. मधली सगळे घेतात. लांब लेन्सने दुरून काम होतं, सरड्याला पत्ताही लागत नाही, पण ती जड, आणि हाताची हालचाल पुरती चव्हाट्यावर आणते. मी हळूच कॅमेरा टेकवायच्या तिपाईचं नाव काढलं. तिने ते उडवूनच लावलं. म्हणे, तिपाईचे पाय पसरेपर्यंत नाकतोडा नात्यातलं लग्न उरकून येतो.

मग ती मॅनेजरसमोर बसली. मावशी फोकसचं कडं फिरवत नाही. ते एकदा बसवायचं आणि मग अंग अगदी हळू मागेपुढे झुलवायचं. डोळा स्पष्ट झाला की त्या क्षणी बटण दाबायचं. लहानपणी मला वाटायचं, ती किड्यांना जोजवतेय. आज तिन्ही लेन्स लावून झाल्या. पडद्यावर मॅनेजर कुठेच नव्हता, नुसता काळा-निळा धूर. त्याचा एक डोळाही स्पष्ट येईना.

“तुझा मॅनेजर विरघळला गं,” ती हसून म्हणाली. मग कॅमेरा खाली ठेवला. “माझ्या घरी अडगळीच्या खोलीत खिडकीच्या चौकटीत पालीने अंडी घातलीत. पिल्लू बाहेर येताना मला फोटोत आजवर कधी मिळालं नाही. हे मिळालं तर मिळालं. नाहीतर सगळं सामान तुझ्याकडे आणून देते. विकून टाक.”

जुनी छत्री द्यावी तशा आवाजात बोलली ती. कॅमेरा नसलेली मावशी मी कधी पाहिलीच नव्हती, आणि मला पाहायचीही नव्हती. घाबरले की मी चिडते, तशी चिडले. तुझा ओरखडे पडलेला डबा कोण घेणार, असलं काहीबाही बोलले, आणि लांब लेन्स एका लहान, हलक्या कॅमेऱ्याला लावून तिच्या पिशवीत कोंबली. पाहिजे तितके दिवस ठेव म्हटलं. पालींबद्दल काही विचारलं नाही. भिंतीवर पाल दिसली की मी खोली सोडते. फार जवळ असली तर घर. हे आमच्या खानदानात सगळ्यांना ठाऊक आहे.

काही दिवसांनी सकाळीच तिचा फोन आला. एवढंच म्हणाली, “ये.” समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं.

मावशीची अडगळीची खोली म्हणजे कपाट आणि भिंत यांमधली बोळकंडी. एकच खिडकी, तिची काच धुळीने दुधाळ झालेली, त्यामुळे आतलं ऊनही दुधाळ होतं. हवेत धूळ तरंगत होती, खाली पडायचं विसरल्यासारखी. बाहेरचे आवाज कुठल्या तरी दुसऱ्या गावातून आल्यासारखे येत होते. चौकटीच्या फटीत अंडी होती. त्यातल्या एकाच्या आत, उजेडासमोर, एक सावली कूस बदलत होती. मला किळस वाटायला हवी होती. वाटलीही, पण नजर हटेना.

तिपाई तिथे उघडताच आली नसती. मावशीने बुटकं स्टूल खिडकीशी सरकवलं आणि मला बस म्हणाली, तोंड अंड्याकडे करून. मी हात जोडले. तिने तिकडे लक्षच दिलं नाही. माझ्या खांद्यावर घडी केलेला टॉवेल ठेवला, त्यावर लांब लेन्स टेकवली, कागदाचा पडदा लावलेला छोटा फ्लॅश माझ्या कानाशी आला. मग तिने आपला सगळा भार माझ्या पाठीवर टाकला.

“हलू नकोस. श्वाससुद्धा घेऊ नकोस.”

तेव्हा मला तिची थरथर कळली. आजवर फक्त कपबशीतून ऐकली होती. आता ती लेन्समधून माझ्या हाडात उतरत होती, सतत, बारीक. केवढं लपवलंस गं, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. पुसायची सोय नव्हती.

अंड्याला चीर गेली. आधी एक नाकाचं टोक. मग सगळं थांबलं, किती वेळ कोण जाणे. खोलीही थांबली. मग एक डोकं बाहेर आलं, माझ्या नखाहून लहान, ओलं, जवळजवळ पारदर्शक, आणि त्यात काळा डोळा. तो थेट माझ्याकडे बघत होता. जगात आल्यावर त्याला पहिली दिसले ती मी, पालीला घाबरणारी बाई. कानाशी फ्लॅश उडत राहिला. छाती फुटायला आली तसा माझा श्वास सुटला, लांब, थरथरता, आणि मी मनात म्हटलं, घात केलास मिरचे.

पिल्लू अंग झटकून चौकटीमागे गेलं. आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो, कॅमेऱ्याचा पडदा मधे धरून. धूर. पुन्हा धूर. धुरात एक काळा ठिपका. मावशी एकेक फोटो पुढे सरकवत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग तिचं बोट थांबलं. डोळा होता. पापणी नसलेला, ओला, त्यातली उभी बाहुलीसुद्धा लख्ख, आणि कडेला अंड्याच्या कवचाची तुटकी किनार. मावशीने तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला.

“मला झुलताच येत नव्हतं,” ती म्हणाली. “तोल गेला असता. तू श्वास सोडलास, खांदा खाली गेला, लेन्स केसभर मागे सरकली, तेव्हा फोकस लागला याचा.”

मी नाक ओढलं. तिने पदराने माझे डोळे पुसले. हात थरथरत होता आणि तिने तो लपवला नाही.

“मग लेन्स कुठली घेऊ?” तिने विचारलं.

“कुठलीही घे, टेकवायला खांदा आहे. आता दुकान सकाळचं उशिराच उघडायचं म्हणते मी.”

तिने खिडकीकडे पाहिलं. चौकटीत दुसरं अंडं अजून पांढरं, गप्प पडलं होतं.

“तळ्याकाठी गवतावर ते चतुर किडे सकाळीच बसतात,” ती म्हणाली. “चतुरांची भीती वाटते का गं तुला?”

वाटते, म्हटलं.

“बरं झालं. श्वास नीट सुटेल.”