बिनपोटाचं गिटार

खांद्यावर हात पडला तेव्हा सेझिमची बोटं गाण्यातल्या सगळ्यात अवघड जागेवर होती. कानांत नुसता गिटारचा गजर, डोक्यावरून गुडघ्यापर्यंत काळी शाल, तोंड भिंतीकडे. मागचं दार उघडल्याचं तिला कळलंच नाही. अंगणात पाच-सहा पुरुष "बाबा गेले रे, आमचा आधार गेला रे" करत गळा काढून आले होते, त्याला घरातल्या बाईने विलाप गाऊन उत्तर द्यायचं असतं, आणि घरात तर सेझिमशिवाय कोणी नव्हतं. सासू बुरुलचा गाईची धार काढायला गेली होती.

ती दचकली. हात तारांवरच गोठले. शालीआडून कानातल्या इअरफोनची वायर ओढायची तिची हिंमत होईना. सावकाश मान खाली घालून ती तशीच बसून राहिली.

खांद्यावरचा हात एका म्हातारीचा होता. दूरच्या खोऱ्यातून ती समाचाराला आली होती. दारातून तिने काय पाहिलं होतं, तर भिंतीकडे तोंड करून बसलेली तरणी सून, झुकलेली मान, आणि शालीखाली हलणारे खांदे.

"राहू दे गं पोरी," म्हातारी म्हणाली. स्वतःच्याच डोळ्यांना तिने रुमालाचं टोक लावलं आणि मागून आलेल्या बायकांकडे वळली. "हिचा आवाजच गेलाय बघा रडून रडून. असा शोक मी बघितला नाही."

डोंगरांतल्या आत-बाशीच्या त्या गावात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं होतं, की बुरुलचाची सून सासऱ्यासाठी मुक्याने रडते.

हे भलतंच होतं. पहिल्या दिवशी याच सुनेने गावाला नावं ठेवायला चांगली संधी दिली होती. इथे घरचं माणूस गेलं की बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि कोशोक गातात. हा विलाप पाठ केलेला नसतो. गेलेल्या माणसाचे गुण, त्याची घोडी, त्याचा राग, त्याचं हसणं, सगळं ऐन वेळी सुचेल तसं गुंफायचं असतं. सेझिम राजधानीतली, बिश्केकची. चौथ्या मजल्यावरच्या घरात वाढलेली. दोन ओळी जेमतेम झाल्या आणि तिसरीला ती अडली. थोरली जाऊ झूरा तेव्हा शेजारणीच्या कानाशी लागली होती, "शहरातली आहे हो. दुःखसुद्धा अर्धंच."

सासरा मात्र तिला मनापासून आवडायचा. लग्नाआधी ती तीन मैत्रिणींबरोबर बिश्केकमध्ये कार्यक्रम करायची. लग्नानंतर ते सुटलं. नवऱ्याने, तालायने, नोवोसिबिर्स्कला कामावर असताना तिच्यासाठी हे प्रवासातलं गिटार घेतलं. हातभर लांबीची फळी, तिला ना पोट ना वरचं टोक. बाहेर आवाज नाही. जे वाजेल ते वाजवणाऱ्याच्या कानात. सासऱ्याने ते उलटंपालटं करून पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "डोकं नाही, पोट नाही, तोंडातून शब्द नाही. सुनेला शोभेलसं वाद्य आहे." मग आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला होता. त्याच्या मागे घर फार गप्प झालं.

माती देऊन तालाय परत कामावर गेला होता. सासऱ्याला जाऊन आठवडा झाला असेल, तेव्हा मैत्रिणींचा फोन आला. जूनमध्ये मोठा कार्यक्रम मिळाला होता. ती येत असली तर तिची जागा तिची, नाही तर दुसरी मुलगी तयार होती. तारीख चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर दोनच दिवसांनी पडत होती. सेझिमने "विचारून सांगते" म्हटलं नाही. ती "येते" म्हणाली. नंतर ती गाद्यांच्या थप्पीमागून गिटार काढायला गेली आणि बोटं तारांवर ठेवली, तर बोटं चक्क परक्यासारखी वागली. दुखवट्याच्या घरात वर्षभर कुठलंही वाद्य वाजत नाही. पण हे वाजत होतं कुठे? दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचंच होतं. ती शालीखाली बसून सराव करायला लागली.

म्हातारीच्या त्या कौतुकाने तिला लाज वाटली. चांगली एक रात्र वाटली. सकाळी तिने पुन्हा गिटार मांडीवर घेतलं आणि तीच अवघड जागा परत सुरू केली.

दोघी सासू-सुना बोरसोकचं, तळायच्या छोट्या पावांचं, पीठ मळत होत्या तेव्हा बुरुलचा पिठाकडे बघतच म्हणाली, "टिकटिक येते."

"कसली, अपा?"

"तुझ्या त्या फळीची. लांबच्याला नाही येत ऐकू. शेजारी बसणाऱ्याला येते."

सेझिमचे हात पिठात थांबले. "केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून. माझे कान काही त्यांच्याबरोबर गेले नाहीत."

"बंद करू?"

बुरुलचाने पिठाचा गोळा उलटा केला. "पाहुणे आले की थांबत जा. त्या दिवशी मी नव्हते, तरी निभावलं."

सेझिमने मोठा श्वास घेतला. "अपा, चाळिसावं झालं की मी बिश्केकला जाणार आहे. कार्यक्रम आहे. चार दिवसांनी परत येईन."

"थोरले नाही म्हणतील."

"म्हणू देत. तरी जाणार."

"मग सगळ्यांसमोर भांडावं लागेल. तुला भांडता येतं?"

"नाही येत."

"रडताही येत नाही," सासू म्हणाली, आणि लाटणं हातात घेतलं. "कसं व्हायचं तुझं?"

चाळिसाव्याला घोडा कापला होता. अंगणात तीन कढया लागल्या होत्या. मौलवींचं पठण झालं, माणसं पोटभर जेवली, आणि मग घरातली मोठी माणसं आतल्या खोलीत येऊन टेकली. भिंतीशी बुरुलचा, तिच्या बाजूला सेझिम, पलीकडे झूरा. मध्यभागी सासऱ्याचा थोरला भाऊ जुमगालबेक. वय ऐंशीच्या घरातलं, हातात काठी. त्याने घसा साफ केला की खोलीतली मुलंसुद्धा गप्प होत.

"एक गोष्ट सांगून टाकतो," तो म्हणाला. "आजकाल सुना तिसऱ्या दिवशी फोन बघत बसतात. आपल्या या सुनेने घराण्याची मान उंच केली. पलीकडच्या खोऱ्यातसुद्धा लोक हिचं नाव घेतात. तर वर्ष पुरं होईपर्यंत सासूजवळ काळ्या कपड्यांत हीच बसेल. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे."

"योग्य बोललात," झूरा म्हणाली. आपली सुटका झाल्याचा आनंद तिला काही लपवता आला नाही.

सेझिमची पिशवी कालपासून भरून तयार होती. गिटार तिच्यात कपड्यांच्या मधोमध होतं. सून थोरल्यांसमोर तोंड उघडत नाही, त्यांच्याकडे वळूनही बसत नाही. तिने शाल मागे सारली आणि ती वळली. खोलीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पहिला शब्द तिने जुळवून ठेवला होता. तिने ओठ उघडले.

तेवढ्यात बाजूला बुरुलचाने विलाप सुरू केला.

झूराने काही बोलायला तोंड उघडलं होतं, तिने ते मिटलं. विधवेचा कोशोक चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही. मौलवीसुद्धा नाही, थोरला दीरसुद्धा नाही. चाळीस दिवस सेझिम या बाईच्या शेजारी बसली होती, पण कानांत गिटार असायचं, म्हणून तिचा आवाज तिने धड ऐकला होता तो आत्ताच. खरखरीत, पण बळकट आवाज होता.

"डोंगरासारखा होतास रे, सावलीत आम्ही बसलो रे,
सून तुझी रडत नव्हती, तारा छेडत होती रे.
कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मीच मोठ्याने रडले रे,
खोटं तिचं नव्हतं राजा, झाकणारी मी होते रे."

कोणीतरी चहाची वाटी खाली ठेवली. जुमगालबेकची काठी जमिनीवर घट्ट रोवलेली होती. सेझिमने डोळे मिटून घेतले. आता संपलं, असं तिला वाटलं.

"गोठ्याच्या दारात उभा राहून तूच म्हणाला होतास रे,
'जूनमध्ये पोरीला शहरात धाड, बोटं गंजू देऊ नको.'
शेवटचा तुझा शब्द रे, मी कुणाकडे न्यावा रे?
थोरला भाऊ समोर आहे, त्याच्याच ओंजळीत ठेवते रे."

शेवटचा सूर तिने लांबवला आणि सोडून दिला. दारातल्या दोन बायका हुंदके देत होत्या. गेलेल्याचा शेवटचा शब्द मोडायचा म्हणजे कबरीवरची माती उकरण्यासारखं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि जुमगालबेकला तर सगळ्यांहून जास्त.

"केव्हा म्हणाले होते असं?" झूरा हळूच म्हणाली. "मला तर कधी..."

म्हाताऱ्याने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग दुआ संपवावी तसे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

"धाकट्याचा शब्द आहे," तो म्हणाला. "नारिनला सकाळी पहिली गाडी किती वाजता सुटते रे? पुढे बिश्केकची गाडी तिथूनच मिळते. कोणीतरी हिला सोडून या. एकटी पाठवू नका."

माणसं उठायला लागली. सेझिम होती तिथेच बसून राहिली. मैत्रिणींचा फोन आला तेव्हा सासऱ्याला जाऊन आठवडा झाला होता. जूनमधल्या कार्यक्रमाविषयी त्या भल्या माणसाने जिवंतपणी एक अक्षरही ऐकलं नव्हतं, आणि कोशोकात खोटं बोलत नाहीत.

तिने सासूकडे पाहिलं. बुरुलचाने तोंड भिंतीकडेच ठेवलं होतं. डोक्यावरच्या काळ्या रुमालाची गाठ ती पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती.

"रड आता," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. "माणसं बघतायत."

सेझिम रडतच होती.