आबांच्या कानाने

तळहाताएवढा पंखा काळ्या ग्राफिक्स कार्डावर फिरत होता. म्हणजे पाती दिसेनाशी झाली होती, मधल्या स्टिकरवरची अक्षरं विरघळून करडं वर्तुळ उरलं होतं, एवढ्यावरूनच खंडेरावला ते कळत होतं. त्याने मान आणखी खाली नेली. कान जवळजवळ धातूला टेकला... काहीच नाही. उस्मानपुऱ्यातल्या त्या अरुंद कॉम्प्युटरच्या दुकानाचं काचेचं दार दुकानदार अल्तमशने लावून घेतलं होतं, छताचा पंखाही बंद केला होता, आणि काउंटरवर उघडून ठेवलेला कॉम्प्युटर अगदी शांत होता.

"ह्येबी कण्हतंय," मागून आबा म्हणाले.

आबा, म्हणजे त्याचे वडील सोनाजी, दाराजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर डोळे मिटून बसले होते. कॉम्प्युटरपासून चांगले सहा-सात हात लांब. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस.

अल्तमश हसला. "बाबा, ह्याच्यापेक्षा हळू आवाजाचा पंखा बाजारात नाही."

"असंल. पर कण्हतंय."

खंडेराव मान वर न करता तसाच वाकून राहिला, कारण मान वर केली की चेहऱ्यावर काहीतरी उमटवावं लागलं असतं.

धाकटा भाऊ कचरू अजून पैठणकडे धरणाच्या कडेने मेंढरं घेऊन फिरतो आणि त्याने नवा फोन घेतल्यापासून कळपाचे व्हिडिओ पाठवतो. आबांना फोनच्या एवढ्याशा काचेत काही दिसत नाही, म्हणून खंडेरावने जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडून दिला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. फुकट मिळतं हे खरं, पण त्याला ते आवडायचं ते उघडं असतं म्हणून. वाळूजच्या कारखान्यात बावीस वर्षं प्रेस दुरुस्त करणाऱ्या माणसाला झाकण न उघडणाऱ्या वस्तूंचा राग येतो. पण नव्या फोनचे व्हिडिओ त्या जुन्या यंत्राला झेपेनात, मेंढरं अडखळत चालायची, मध्येच चित्र आडवं फाटायचं. मग त्याने एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं आणि कळप पाण्यासारखा वाहू लागला... आबा बघत राहिले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "दिसत्यात रं लई झ्याक. पर ऐकू येईनात. पेटीत कायतरी कण्हतंय."

त्याला वाटलं, वय झालं, डोक्यात घुमत असेल काहीतरी. तरी त्याने धूळ काढली, तेल सोडलं, स्क्रू आवळले. शेवटी आबांना गॅलरीत पाठमोरं उभं केलं आणि आत कॉम्प्युटर चालू-बंद करत राहिला. "चालू... बंद... आता बंदच हाय की, फसवतूस व्हय?" एकदाही चूक नाही. आबांना गंमत वाटत होती. आणि तो बटणावर बोट ठेवून जमिनीवर उकिडवा बसला होता, पण चालू आणि बंद यांत त्याला स्वतःला काही फरकच लागत नव्हता.

कारखान्यात दरवर्षी कान तपासतात. बंद खोली, हेडफोन, आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणाऱ्याचा हात हलतो, तो हात बघून खंडेराव बटण दाबतो. कधीपासून? प्रेसच्या धडधडाटात कानात बोळे घालणं त्याला बायकी वाटायचं, त्या वयापासूनच केव्हातरी...

"मग हे बघा." अल्तमशने तिसरं कार्ड बसवलं. त्याला पंखाच नव्हता, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. "ताकद कमी आहे, भाऊ. गेम-बिम विसरा. विंडोज टाकलं असतं तर अजून दहा दाखवली असती."

"कार्ड चालवणारा ड्रायव्हर लिनक्सच्या आतच आहे ना?"

"आतच. वेगळं काही टाकायचं नाही."

कचरूचा व्हिडिओ लावला. वाळलेल्या गाळावरून मेंढरं येऊ लागली, धूळ, पलीकडे पाण्याची पांढरी रेघ. आबांनी डोळे उघडले नाहीत. मान किंचित तिरकी झाली.

"मागं येक लंगडतीया. खूर घासतंय तिचं."

स्क्रीनवर तसं काही नव्हतं. मग कळप पुढे सरकला, आणि चौकटीच्या कडेने, सगळ्यांच्या मागे, एक काळी मेंढी पुढचा डावा पाय उचलत उचलत आली.

"माशाल्ला," अल्तमश हळूच म्हणाला. खंडेरावने ते त्याच्या ओठांवर वाचलं.

...गाभण मेंढीच्या पोटाला कान लावून बसलेला तो, सहा-सात वर्षांचा. लोकरीचा ओला वास. येक हाय का दोन? नीट आयक. आबांचा हात त्याच्या डोक्यावर. दोन, आबा! आणि खरंच दोन झाली होती. आबांनी पुढे वर्षभर ते सगळ्या वाड्यावस्त्यांवर सांगितलं — माझ्या खंडूचा कान...

"हेच बांध," तो म्हणाला.

अल्तमश खोका आणायला आत गेला. आबा उठले, पण दाराकडे न जाता वळसा घालून त्याच्या समोर येऊन उभे राहिले, तोंड नीट दिसेल असे.

"तुला येत नाय ना ऐकू?"

आबा थांबले. पिढ्यान् पिढ्या जनावरांबरोबर राहिलेल्यांना थांबता येतं.

"बारीक आवाज येत नाहीत," तो म्हणाला. "आठ-नऊ वर्षं झाली असतील."

"सूनबाईला ठावं हाय?"

"नाही."

"तरीच."

"तरीच काय?"

"सकाळच्याला ती भाकरी थापताना गाती. बारीक आवाजात, गोड. अन् तू डबा घिऊन तिच्याम्होरनं दगडावानी जातूस. म्या म्हनलं, पोरगं कोरडं झालं कारखान्यात." आबांनी त्याच्या दंडाला हात लावला. "उगंच म्हनलं."

रत्नमाला गाते?

ती गायची. लग्नानंतर. मग वाळूजच्या दोन खोल्यांत आल्यावर केव्हातरी तिचं गाणं थांबलं, आणि का थांबलं हे त्याने तिला कधी विचारलं नाही. आपल्याबरोबर राहून माणूस असा विझत जातो, हे त्याने मनाशी कबूल करून टाकलं होतं, आणि तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघायचंही सोडलं होतं. त्याला वाटायचं, चिडून काहीतरी पुटपुटत असेल...

रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती. आबा त्याच्या डावीकडून उजवीकडे आले, उगीच, मग पुन्हा डावीकडे, त्याचा कुठला कान बरा आहे ते चाचपत. त्याला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिला सांगायचं का? सांगायचं तर काय... आणि सांगून झाल्यावर, अगदी परातीजवळ जाऊन बसलो तरी येईल का ऐकू? कदाचित नाही. कदाचित तो सूर आता माझ्यासाठी नाहीच. पण ती गात होती. मी मुक्या समजून सोसलेल्या त्या सगळ्या सकाळी ती गात होती, आणि आता एकेक सकाळ मागे वळून बघत होती, मला ऐकू न येणाऱ्या कशाने तरी काठोकाठ भरलेली.